अम्मी, मी पाक आहे ना?

शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलाला शी-शूची सवय लावताना

माझा धाकटा मुलगा सात वर्षांचा झाला, त्या आठवड्यात त्याच्या अब्बांनी त्याच्यासाठी पांढरी टोपी आणि छोटी जानमाज आणली. थोरल्याच्या वेळीही आम्ही असेच केले होते. सातव्या वर्षापासून मुलांना नमाजची सवय लावावी, ही शिकवण आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असते. थोरला टोपी घालून उड्या मारत मशिदीत गेला होता. धाकट्याने मात्र टोपी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले, ‘‘अम्मी, मला नमाज चालेल? मी तर ओला असतो.’’

मला उत्तर सुचले नाही. मी गेली एकोणीस वर्षे शाळेत शिकवते. नखे कापलीत का, हात धुतलेत का, हे दुसऱ्यांच्या मुलांना रोज विचारते. आणि माझेच मूल स्वतःला नापाक समजत होते. हे त्याला शिकवले कोणी? रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवत गेले, तेव्हा उत्तर घरातच सापडले. ‘‘अरे, जानमाजवर बसू नकोस, कपडे खराब असतील.’’ ‘‘थांब, सिपाऱ्याला हात लावू नकोस, आधी चड्डी बघू दे.’’ ही वाक्ये आम्हीच म्हणत होतो. रागाने नव्हे, सहज. पण सात वर्षे सहज म्हटलेली गोष्ट मुलाच्या मनात खोल जाते.

धाकटा वेळेआधी जन्मला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झाल्यामुळे त्याचे दोन्ही पाय ताठर राहतात आणि डावा हातही नीट वळत नाही. वॉकर धरून तो घरातल्या घरात चालतो. बोलतो स्पष्ट, वाचतो छान, भांडतो तर भावापेक्षा जास्त. चालण्यासाठी, बोलण्यासाठी आम्ही किती दवाखाने फिरलो! पण शी-शूची सवय लागावी म्हणून कधी कोणाला विचारले नाही. ‘त्याला कळतच नसेल’ असे धरून चाललो आणि डायपर बांधत राहिलो.

त्या प्रश्नानंतर मी फिजिओथेरपीच्या बाईंना पहिल्यांदा हे विचारले. त्यांनी उलट मलाच विचारले, ‘‘त्याला लागल्याचं कळतं का?’’ वर्गातल्या अडतीस मुलांपैकी कोण कधी चुळबुळ करायला लागतो, हे मला पाठ होते. माझ्या मुलाचे मला माहीत नव्हते. तिथून आमचा दोन वर्षांचा प्रवास सुरू झाला. त्यात जे शिकायला मिळाले, ते आज लिहिते आहे. आपल्या घरांत हा विषय बोलला जात नाही आणि त्यामुळे कितीतरी अम्मी एकट्याच झगडत राहतात.

आधी कारण समजून घ्या

शारीरिक अपंगत्व असलेली सगळी मुले सारखी नसतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना लघवी किंवा शी लागल्याची जाणीव होते. अडचण असते ती संडासापर्यंत पोहोचण्याची, कपडे सोडण्याची, तोल सांभाळून बसण्याची, वेळेवर सांगण्याची. काहींचे ओटीपोटाचे स्नायूही ताठर असतात, त्यामुळे थांबवणे आणि सोडणे दोन्ही कठीण जाते. अशी मुले इतरांपेक्षा उशिरा शिकतात, पण त्यांच्यातली पुष्कळ मुले शिकतात.

स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेल्या मुलांची गोष्ट वेगळी असते. मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसाच अधू असल्याने अनेकदा त्यांना लागल्याचे कळत नाही आणि मूत्राशय पूर्ण रिकामेही होत नाही. साठून राहिलेल्या लघवीमुळे जंतुसंसर्ग होतो आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. अशा मुलांना नुसते बसवून ठेवून उपयोग नाही. डॉक्टर त्यांच्यासाठी ठरावीक तासांनी बारीक नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकवतात. ऐकायला भीती वाटते, पण १९७० च्या दशकापासून जगभर ही पद्धत वापरात आहे. स्वच्छ हातांनी आई ते घरी करू शकते आणि मोठे झाल्यावर पुष्कळ मुले स्वतः करतात. मात्र ते डॉक्टरांकडून शिकूनच करावे. या मुलांना रबराची म्हणजे लॅटेक्सची अॅलर्जी होण्याचा संभव जास्त असतो, म्हणून नळी आणि हातमोजे कोणते वापरायचे हेही विचारून घ्यावे.

म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची. लघवी सतत थेंब थेंब गळत असेल, लघवी करताना जळजळ होत असेल, उग्र वास येत असेल, वरचेवर ताप येत असेल, किंवा कोरडे राहायला शिकलेले मूल अचानक पुन्हा ओले राहू लागले असेल, तर सवय लावण्याची घाई न करता आधी तपासणी करावी. प्रत्येक जिल्ह्यात नसले तरी अनेक जिल्हा रुग्णालयांत आता मुलांसाठी डीईआयसी हे शीघ्र उपचार केंद्र असते. मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वास संस्था आहे.

सात दिवसांचे हजेरीपत्रक

फिजिओच्या बाईंनी सांगितले, ‘‘आधी आठवडाभर काही शिकवू नका. फक्त लिहून ठेवा.’’ माझ्याकडे शाळेचे एक जुने कोरे हजेरीपत्रक होते. डाव्या रकान्यात मुलांच्या नावांच्या जागी तास लिहिले. घरी असताना डायपर काढून साधी सुती चड्डी घातली आणि दर तासाला हात लावून पाहायचे, कोरडी असेल तर ‘को’, ओली असेल तर ‘ओ’. काय खाल्ले, किती पाणी प्याला, शी कधी झाली, हेही लिहायचे. मी शाळेत असेन तेव्हा हे काम मुलांच्या दादीकडे. त्यांना लिहिता येत नाही. त्या ओल्या तासाला एक चिंच वाटीत टाकून ठेवायच्या आणि वेळ मला सांगायच्या.

सात दिवसांनी पान समोर ठेवून पाहिले आणि मी थक्क झाले. सकाळी दूध प्यायल्यावर साधारण पाऊण तासाने तो ओला होत होता आणि त्यानंतर जवळजवळ दोन तास कोरडा राहत होता. शी झाली त्यातल्या बहुतेक वेळा ती नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत झाली होती. ओले होण्याआधी तो वॉकर सोडून भिंतीला टेकून उभा राहतो आणि गप्प होतो, हे दादींनी टिपले. म्हणजे त्याला कळत होते. आम्हाला कळत नव्हते.

मूल सलग दीड-दोन तास कोरडे राहत असेल, शी साधारण ठरावीक वेळी होत असेल आणि होण्याआधी त्याच्या चेहऱ्यात किंवा हालचालीत काही बदल दिसत असेल, तर ते तयार आहे असे समजावे. वयाकडे फार बघू नये. कोणी तीन वर्षांचे असताना तयार होते, कोणी आठ वर्षांचे असताना.

पाय टेकले पाहिजेत

आमचा संडास जुना, भारतीय पद्धतीचा. ताठर पायांच्या मुलाला उकिडवे बसवणे शक्य नव्हते. म्हणून आम्ही त्याला एका उंच प्लॅस्टिकच्या भांड्यावर बसवायचो आणि मी काखेत हात घालून धरून ठेवायची. पाय लोंबकळत. तो सगळे अंग ताठ करायचा, मी घामाघूम व्हायची आणि काहीच व्हायचे नाही. खाली उतरवले की लगेच चड्डी ओली!

हे पाहून मुलांच्या दादी म्हणाल्या, ‘‘अगं, पाय टेकल्याशिवाय पोराला होणार कसं? तान्हेपणी आपण पोरांना कसं बसवतो?’’ जमिनीवर पाय पसरून बसायचे, दोन्ही पावले जरा विलग ठेवायची आणि त्यांवर बाळाला बसवायचे, ही आपल्याकडच्या बायकांची जुनी रीत. त्यात बाळाची कंबर वाकते, गुडघे वर येतात, मांड्या अलग होतात आणि पाठीला आईच्या नडग्यांचा आधार मिळतो. फिजिओच्या बाईंना हे सांगितले तर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘मला हेच सांगायचं होतं. पाय अधांतरी राहिले की या मुलांचं सगळं शरीर ताठ होतं आणि ताठ शरीरातून काही बाहेर पडत नाही.’’

मग गावातल्या सुताराकडून एक बसकी खुर्ची करून घेतली. मधोमध भोक, खाली सरकवायला पातेले, दोन्ही बाजूंना हात, समोर धरायला आडवा दांडा. पायांखाली घरातलाच लाकडी पाट. उंची अशी की तळवे पूर्ण टेकावेत आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर राहावेत. अंग थोडे पुढे झुकलेले. सुरुवातीला तोल जाऊ नये म्हणून कमरेभोवती ओढणीचा सैल वेढा द्यायचो, पण त्याला एकटे सोडून कधी गेलो नाही. खर्च फार आला नाही. तयार कमोड खुर्च्याही औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळतात. त्यांतल्या काही भारतीय भांड्यावर सरकवून ठेवता येतात. मात्र मुलाच्या मापाची घ्यावी. मोठ्या माणसांच्या भोकात मूल आत घसरते आणि एकदा घाबरले की पुन्हा बसायला तयार होत नाही.

पुढे संडासात भिंतीला लोखंडी नळीचा दांडा बसवला, घसरू नये म्हणून खडबडीत फरशी टाकली आणि उंबऱ्याजागी उतार केला. आता तो वॉकर दाराशी ठेवून दांडा धरतो आणि स्वतः वळून बसतो.

मुलाला उचलणाऱ्या अम्मींसाठी एक सूचना. कमरेत वाकून उचलू नका. गुडघे वाकवून, मुलाला अंगाशी घेऊन उठा. वीस किलोचे मूल दिवसातून आठ वेळा उचलणाऱ्या बाईच्या पाठीची काळजीही घरच्यांनी घेतली पाहिजे.

अजानचे वेळापत्रक

बसवायचे कधी, याचे उत्तर हजेरीपत्रकाने दिले होते. प्रश्न होता तो रोज न चुकता पाळण्याचा. घड्याळाचा गजर लावून पाहिला, दोन दिवसांत आम्हीच कंटाळलो. मग मुलांच्या अब्बांनी सुचवले की घरात पाच वेळा वुजूसाठी सगळे उठतातच, त्याच वेळी यालाही न्यावे. फज्रला उठल्यावर, जुहर, असर, मगरिब आणि इशाच्या वेळी. फज्र आणि जुहरच्या मध्ये फार वेळ जातो, म्हणून त्यात दुधानंतर, नाश्त्यानंतर आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत अशा तीन वेळा वाढवल्या. खाल्ल्यानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून नाश्त्यानंतरची वेळ शीसाठी सर्वांत चांगली.

एका वेळी पाच ते दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. झाले तर ‘‘शाब्बास’’, नाही झाले तर ‘‘बरं, नंतर बघू.’’ जोर कसा लावायचा हे कळावे म्हणून साबणाचे फुगे उडवायला द्यायचो. फुंकर मारताना पोटाचे स्नायू आपोआप आवळतात. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी एक खूण ठरवावी, पोटावर हात ठेवणे, चित्र दाखवणे, घंटी वाजवणे, जे त्याच्या हाताला जमेल ते. खूण घरातल्या सर्वांनी एकच वापरावी.

दोन महिन्यांत शी भांड्यात होऊ लागली. दिवसा लघवीवर ताबा यायला जवळजवळ आठ महिने लागले. मधे ताप आला, पाहुणे आले, रमजान आला की गाडी पुन्हा मागे जायची. रात्रीचे कोरडेपण ही निराळी बाब आहे आणि ते बरेच उशिरा येते. तोवर गादीवर मेणकापड घालावे आणि कुरकुर करू नये. डायपरशी वैर धरू नये. प्रवासात, लग्नकार्यात आम्ही अजूनही वापरतो. दिवसभर मात्र डायपर राहिला तर मुलाला ओलेपणाची जाणीवच होत नाही आणि शिकायला आधारच उरत नाही.

पाणी कमी करू नका

चड्डी ओली होते म्हणून पाणी कमी देणे, ही चूक मीही केली. पाणी कमी पडले की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते आणि उलट वारंवार लागते. शीही कडक होते. फारशी हालचाल नसलेल्या मुलांना बद्धकोष्ठ आधीच असते. आतड्यात साठलेल्या कडक शीचा दाब मूत्राशयावर पडतो आणि मूल ओले होते. कधी कधी कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपत राहते. घरचे समजतात जुलाब झाले आणि थांबवण्याचे औषध देतात. खरे म्हणजे पोट साफ व्हायला हवे असते.

पाणी दिवसभरात वाटून द्यावे. पपई, भिजवलेले अंजीर, खजूर, पालेभाजी, डाळीचे पातळ सार, पेज यांनी फरक पडतो. तीन-तीन दिवस शी होत नसेल, रक्त पडत असेल किंवा मूल रडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. ज्या मुलांना पाणी गिळताना ठसका लागतो, त्यांना ते कसे पाजायचे हे आधी विचारून घ्यावे.

नाडी, इलॅस्टिक आणि डावा हात

घाईच्या वेळी नाडीची गाठ सुटत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. एका हाताने ती सोडायची असेल तर? आम्ही त्याच्या सगळ्या पायजम्यांची नाडी काढून सैल इलॅस्टिक घातले. शाळेच्या पँटचे बटण काढून तिथे वेल्क्रोची पट्टी शिवली. मुलींच्या सलवारीलाही असेच करता येते. कुर्ता मांडीपर्यंतच ठेवावा, लांब कुर्ता एका हाताने सावरता येत नाही.

इस्तिंजा कसा करावा, हे शिकवताना आमच्यापुढे खरी अडचण आली. धुण्यासाठी डावा हात वापरायचा, ही तालीम आपण लहानपणापासून देतो. याचा डावा हात मागे पोहोचतच नाही. तो उजवा हात पुढे करायचा आणि मीच त्याला टोकायची. शेवटी आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, ‘‘ज्याचा डावा हात निकामी आहे, त्याने उजव्या हाताने स्वच्छता करण्यात काहीच गैर नाही. त्याला टोकू नका.’’ आम्ही हातात धरायचा पाण्याचा फवारा बसवला, लोट्यापेक्षा तो सोपा पडतो. नंतर साबणाने हात धुणे आलेच. मुलींना पुढून मागे धुवायला शिकवावे, त्यामुळे लघवीचा जंतुसंसर्ग टळतो. मुलगी आठ-नऊ वर्षांची असतानाच ही सवय लागली, तर पुढे पाळी सुरू झाल्यावर तिला आणि अम्मीला दोघींनाही सोपे जाते.

मदत कोण करणार, हे ठरलेले असावे. एक किंवा दोनच माणसे, दार लोटलेले, हात लावण्याआधी ‘‘धुऊ का?’’ असे विचारणे. दुसऱ्याच्या मदतीवर अवलंबून असलेल्या मुलालाही हया असते. कोणी नको तिथे हात लावला तर ‘नको’ म्हणायचे आणि घरी सांगायचे, हे त्याला या निमित्तानेच शिकवता येते.

शाळेत

घरी बरे चालले होते, पण शाळेतून त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची. विचारले तर म्हणाला, ‘‘प्यालो तर जावं लागेल ना.’’ हे ऐकले आणि मला माझ्या वर्गातली एक जुनी विद्यार्थिनी आठवली. ती कुबड्या घेऊन यायची. आमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाला तेव्हा दोन उंच, शेवाळलेल्या पायऱ्या होत्या. तीही दिवसभर पाणी प्यायची नाही. पाचवीत तिने येणे बंद केले. मी हजेरीपत्रकात ‘सतत गैरहजर’ लिहिले आणि कारणाच्या जागी ‘घरगुती’. तिच्या घरी जाऊन मी एकदाही विचारले नाही. माझा मुलगा बाटली भरलेली आणू लागला तेव्हा मला ते कारण कळले.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळेत मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहे आणि अडथळा नसलेला प्रवेश असायलाच हवा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार शाळेची इमारत आणि सोयी दिव्यांग मुलांना वापरता येतील अशा असल्या पाहिजेत. हे मागताना संकोच वाटू देऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात, तिथे अर्ज द्या. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तालुक्याला असतात, त्यांना बोलवा. आम्ही वर्गशिक्षिकेला भेटून तीन गोष्टी ठरवल्या. मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटे आधी त्याला सोडायचे, म्हणजे गर्दीत धक्का लागत नाही. दप्तरात एक कपड्यांचा जोड ठेवायचा. आणि वर्गासमोर त्याला ‘‘झाली का?’’ असे विचारायचे नाही.

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत येतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवले, तर अशा योजनांचे दार उघडते.

पाकीचा प्रश्न

आता धाकट्याच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तहारत हा आपल्या दीनचा मोठा भाग आहे, ती हलकी गोष्ट नाही. पण ओले झालेले मूल नापाक नसते, त्याचा कपडा ओला झालेला असतो. कपडा बदलावा, जागा धुवावी, वुजू करावा, संपले. मूल बालिग होईपर्यंत त्याच्यावर नमाज फर्जही नसते. त्या वयात आपण फक्त सवय आणि मोहब्बत लावत असतो.

ज्यांची लघवी सतत गळत राहते, नमाज अदा करण्याइतकाही कोरडा वेळ मिळत नाही, अशा माणसाला शरियतमध्ये ‘माजूर’ म्हणतात. त्याने नमाजची वेळ झाल्यावर स्वच्छ होऊन पॅड किंवा कपडा बांधावा, वुजू करावा आणि नमाज पढावी. मध्ये गळती झाली तरी त्याची नमाज होते. हनफी मसलकात त्या वुजूने त्या वेळेतल्या सर्व नमाजा पढता येतात, शाफई मसलकात प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवा वुजू करावा लागतो. आपल्या मुलाची स्थिती नेमकी कशी आहे, हे आपल्या आलिमांना मोकळेपणाने सांगून विचारावे. उभे राहता येत नसेल तर बसून आणि बसताही येत नसेल तर कुशीवर नमाज पढण्याची मुभा हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना स्वतः पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दिली होती.

मस्जिदे नबवीतला तो खेडवळ बद्दूचा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. तो मशिदीतच लघवी करू लागला आणि लोक त्याच्यावर धावले. पैगंबरांनी (स.) लोकांना अडवले, त्याला पुरते होऊ दिले, मग त्या जागी बादलीभर पाणी ओतायला सांगितले आणि त्याला शांतपणे समजावले. हा प्रसंग मी वर्गात कितीदा सांगितला असेन! घरी चड्डी ओली दिसल्यावर माझ्या कपाळावर जी आठी पडायची, तेव्हा तो मला कधी आठवला नव्हता.

अब्बांची पाळी

मशिदीत न्यायचे ठरले तेव्हा एक गोष्ट उघड झाली. सात वर्षांत मुलांच्या अब्बांनी त्याला एकदाही धुतले नव्हते. मशिदीच्या पुरुषांच्या इस्तिंजाखान्यात मी तर जाऊ शकत नव्हते. मग त्यांनी घरी महिनाभर सराव केला. पहिल्या दिवशी दोघांचेही कपडे भिजले आणि दोघेही हसत बाहेर आले. आता सकाळची पाळी त्यांचीच असते. मशिदीच्या विश्वस्तांना त्यांनी विनंती केली, तेव्हा एका कोपऱ्यात उंच कमोड आणि भिंतीला दांडा बसला. पाहता पाहता त्याचा उपयोग गुडघे दुखणाऱ्या बुजुर्गांनाच जास्त होऊ लागला. आपापल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत, मदरशात आणि शादीखान्यात एवढी सोय आपण नक्कीच करू शकतो.

धाकटा आता नऊ वर्षांचा आहे. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. या रमजानमध्ये तरावीहच्या मध्यातच त्याचा पायजमा ओला झाला. त्याने अब्बांचा कुर्ता ओढला. दोघे बाहेर गेले, कपडे बदलले, वुजू केला आणि पुन्हा सफेत येऊन बसले, तो आपल्या खुर्चीवर, अब्बा शेजारी. घरी आल्यावर त्याने मला सांगितले, ‘‘चार रकात गेल्या माझ्या. उद्या इशाच्या आधी दोनदा जाऊन येईन.’’ आणि भावाच्या ताटातली खजूर उचलून पळवली.

ते हजेरीपत्रक मी जपून ठेवले आहे. शेवटच्या पानांवर माझे अक्षर नाही. तिथे वेड्यावाकड्या अक्षरांत त्यानेच लिहिलेले ‘को’ आहेत, मधे मधे एखादा ‘ओ’. अल्लाह अशा प्रत्येक मुलाला आसानी देवो आणि त्याच्या घरच्यांना सब्र.